पेटी आणि पेटीखालची जमीन



माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या भिवंडीभोवतालच्या गावांत भाताच्या खाचरांवर गोदामे उभी राहिली, त्याचे एक कारण अगदी साधे होते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवता येत असे. जुलै 2017 मध्ये जकात गेली. गोदामे मात्र राहिली आणि वाढत गेली. न्हावाशेवा बंदरात उतरलेला कंटेनर या गावांत येऊन रिकामा होतो. तेव्हा जुन्या कंटेनरांची घरे करून कामगारांच्या निवाऱ्याचा प्रश्न सोडवावा, ही कल्पना भिवंडीच्या संदर्भात सहज सुचावी यात नवल नाही.

ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 1956 साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने 58 पेट्या एका जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविल्या आणि मालवाहतुकीची रीतच पालटली. (गोदीतल्या हमालांच्या पाठीवरचे ओझे उतरले आणि त्याबरोबर त्यांचा रोजगारही गेला, हा त्याच कथेचा दुसरा अध्याय.) अशा पेटीचे माणसांसाठी घर करण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत 1989 मध्ये नोंदले गेले. अ‍ॅमस्टरडॅममध्ये 2005-06 च्या सुमारास हजारभर विद्यार्थ्यांची अशी वसाहत उभी राहिली. पेटी मजबूत असते, एकीवर एक रचता येते आणि मालमोटारीवर घालून दुसरीकडे नेता येते.

परंतु हिशेब नीट मांडला पाहिजे. वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे 150 चौरस फूट भरते. मुंबईत 1920 च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली 160 चौरस फुटांची होती. शंभर वर्षांनंतर श्रमिकाला त्याहूनही दहा फूट कमी देऊन त्याला नवा विचार म्हणावयाचे, हे जरा अतिच झाले. शिवाय ती पेटी पोलादाची. वैशाखात भिवंडीत पोलादी छताखाली दुपारी बसून पाहावे! उष्णतारोधक अस्तर लावले तर साडेसात फुटांची रुंदी आणखी घटते; न लावले तर उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात भिंतींवर घाम. खिडक्या-दारांसाठी भिंत कापली की तिचा कणखरपणा कमी होतो आणि पुन्हा चौकटींचा आधार द्यावा लागतो. तळाच्या लाकडी फळ्यांना कीड लागू नये म्हणून बहुधा औषध चोपडलेले असते. त्यांवर मूल रांगणार असेल तर त्या आधी बदलाव्या लागतात. हा सारा खर्च धरला की स्वस्ताई पुष्कळशी ओसरते.

महाराष्ट्राला या घरांचा अनुभव नाही असे नाही. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. वाचलेल्यांना कंटेनरमध्ये ठेवण्यात आले. दोन वर्षे उलटली तरी कित्येक कुटुंबे तेथेच होती. जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. तेथील आदिवासी ठाकर कुटुंबांनाही चौकजवळ कंटेनरांत निवारा मिळाला आणि पुढचा पावसाळा त्यांनी तेथेच काढला. संकटाच्या रात्री कोरडे छप्पर मिळणे ही मोलाची गोष्ट आहे, तिला नावे ठेवू नयेत. दोष आहे तो तात्पुरत्या सोयीला तारीख न बांधण्याचा. संक्रमण शिबिरात जन्मलेल्या मुलांची लग्ने त्याच शिबिरात झालेली मुंबईने पाहिली आहेत.

आता भिवंडीतला माणूस कसा राहतो ते पाहावे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला यंत्रमाग कामगार बारा तासांची पाळी करतो. दिवसपाळीवाला उठतो, त्याच अंथरुणावर रातपाळीवाला आडवा होतो. जेवण बिशीत, म्हणजे महिन्याच्या हिशेबाने चालणाऱ्या खानावळीत. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि सुमारे चाळीस माणसे झोपेतच गेली. 29 एप्रिल 2023 रोजी वळपाडा येथे वर्धमान कंपाउंडमधील इमारत कोसळून आठ जणांचा बळी गेला. तेथे खाली गोदाम होते आणि वर माणसे राहत होती. माल आणि माणूस एकाच छताखाली ठेवण्याची ही व्यवस्था कंटेनरच्या कल्पनेपूर्वीच भिवंडीत रुळली आहे.

पेटी कोठेही नेता येते, पण ठेवावी मात्र जमिनीवरच लागते. ती जमीन कोणाची? गोदामाच्या आवारात मालकाने पेट्या मांडल्या तर ज्या दिवशी काम सुटेल त्या दिवशी छप्पर सुटेल. मजुरीवाढ मागणाऱ्याला बाहेर काढण्यास मग नोटीसही नको, क्रेन पुरते. भाड्याची पावती नाही, शिधापत्रिकेला पत्ता नाही. मार्च 2020 च्या टाळेबंदीत माग थांबले आणि मजुरीही थांबली. मेच्या प्रारंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिकांची गाडी निघाली. त्या गाडीत बसलेल्यांपैकी कितीकांजवळ या शहरात आपला म्हणावा असा पत्ता होता?

याच महाराष्ट्रात दुसरा मार्गही चोखाळला गेला आहे. सोलापूरजवळ कुंभारी येथे कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी गोदूताई परुळेकर सहकारी संस्थेमार्फत दहा हजार घरे उभारली; 2006 मध्ये ती त्यांच्या हाती आली. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आखले गेले आणि त्यांतील पंधरा हजार घरे जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. ती माणसेही यंत्रमागावर, विडीवर, कापडशिलाईवर जगणारीच. तेथे आधी संघटना झाली, मग संस्थेची जमीन, मग केंद्र व राज्य सरकारांचे अनुदान; भिंती सर्वांत शेवटी आल्या. पक्षभेद बाजूला ठेवून समाजवादी कार्यकर्त्यांनी हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

मग भिवंडीत कंटेनरला जागा नाहीच काय? आहे. धोकादायक इमारतीवर दर पावसाळ्यापूर्वी नोटीस लागते आणि भाडेकरू घर सोडीत नाही. तो अडाणी नाही. एकदा बाहेर पडलो की हक्क बुडाला, हे त्याने शेजाऱ्याच्या अनुभवावरून शिकलेले असते. अशा कुटुंबांसाठी महापालिकेने आपल्या जमिनीवर, अस्तर लावलेल्या, पाणी व शौचालय असलेल्या कंटेनरांची सोय करावी. प्रत्येकाच्या हाती मूळ खोलीचे क्षेत्रफळ आणि परतीची तारीख लिहिलेला करारनामा द्यावा, आणि त्यावर पतीबरोबर पत्नीचेही नाव असावे. भोवतालच्या गावांचे नियोजन 2007 पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. तेथे नव्या गोदामास परवानगी देताना कामगारांच्या घरांसाठी भूखंड राखून ठेवण्याची अट घालावी आणि तो भूखंड कामगारांच्या सहकारी संस्थेच्या नावे करावा. पावसाळ्यापूर्वी नोटिसा निघतील तेव्हा कार्यकर्त्यांनी त्या इमारतींतून फिरून प्रत्येक बिऱ्हाडाची यादी करावी, आणि रात्रीही एकदा जावे, कारण दिवसपाळीची माणसे तेव्हाच भेटतात.