पाणी नितळ, पण फवारणीच्या औषधाचं काय?

सेलूच्या शिवारात कपाशीवर फवारणी सुरू झाली, की आमच्या गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : औषध विहिरीत उतरलं तर? पाणी उकळलं की झालं ना?

नाही. उकळल्यानं जंतू मरतात. विरघळलेलं कीटकनाशक बहुतेक तसंच राहतं. तुरटीनं फक्त गाळ बसतो. बाटलीबंद पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅम आहे. एवढंसं डोळ्याला, जिभेला कळत नाही, टीडीएस मीटरलाही नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतच नमुना द्यावा लागतो.

आरओच्या पडद्यातून पाणी दाबानं जातं. क्षार आणि बरंचसं औषध मागं राहतं. त्याआधीचा कोळशाचा फिल्टरही औषध धरून ठेवतो. पण कोळसा भरला, पडदा फाटला, की उपयोग संपला. म्हणून जारचे पैसे देताना आम्ही विचारतो, "फिल्टर कधी बदलला?" तुम्हीही विचारा.

आरओनं बाहेर टाकलेल्या पाण्यात हे सगळं जास्त दाट असतं; ते विहिरीजवळ सोडू नका. फवारणीचा पंपही आडावर, ओढ्यात धुऊ नका. जे औषध पाण्यात गेलंच नाही, ते काढायचा खर्चही नाही.