इन्सुलिनची बाटली आणि आपला माठ

आज शुगरबद्दल बोलायचं आहे, पण म्हाताऱ्या माणसांच्या नाही, लेकरांच्या शुगरबद्दल. आम्ही बचत गटाच्या बाया बैठकीत हा विषय काढतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लेकराला कशी काय शुगर होईल?" होते. शाळेत जाणाऱ्या पोरीला होते, दोन वर्षांच्या बाळालाही होते.

मोठ्या माणसांच्या शुगरमध्ये बहुतेक वेळा अंगात इन्सुलिन तयार होत असतं, पण ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. लेकरांच्या शुगरमध्ये, डॉक्टर तिला टाईप वन म्हणतात, ते तयार होणंच बंद पडतं. मग काय होतं? सरपण अंगणात रचलेलं आहे, पण घरात आणणारं कोणी नाही, म्हणून चूल थंड. तशी साखर रक्तात साचून राहते आणि शरीर उपाशी मरतं. ही बिमारी गोड खाऊन होत नाही. आईने गरोदरपणात अमुक खाल्लं, तमुक पाळलं नाही, यानेही होत नाही. हे आम्ही आधीच सांगतो, कारण घरात पहिला बोल आईलाच लागतो.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अशा लेकराला वाचवायला जगात कुठेच औषध नव्हतं. डॉक्टर फक्त खाणं तोडायचे. दिवसाला दोन-चार घास. लेकरू हाडांचा सापळा होऊन काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं काढायचं. मग कॅनडा देशातल्या टोरंटो शहरात 1921 च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग नावाचा तरुण डॉक्टर आणि चार्ल्स बेस्ट नावाचा विद्यार्थी कामाला लागले. बँटिंग शेतकऱ्याचा मुलगा. जागा दिली मॅक्लाउड नावाच्या प्राध्यापकांनी. कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून त्यांनी एक रस काढला आणि तो दिला की शुगर झालेल्या कुत्र्याची साखर उतरते हे पाहिलं. 11 जानेवारी 1922 ला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. तो इतका खंगला होता की वजन तीस किलोच्या आसपास. पहिली सुई नीट लागू पडली नाही, औषधात गाळ होता, अंगावर रिॲक्शन आली. मग जेम्स कॉलिप यांनी रात्रंदिवस बसून ते शुद्ध केलं आणि 23 जानेवारीला पुन्हा दिलं. साखर उतरली. तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षं जगला.

आम्हाला यातली पुढची गोष्ट फार आवडते. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी या औषधाचं पेटंट टोरंटोच्या विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. एकट्याच्या हातात ते राहू नये म्हणून. पुढे त्याचा धंदा झालाच, ती वेगळी गोष्ट. बँटिंग यांचा जन्मदिवस 14 नोव्हेंबर, म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन असतो.

सुरुवातीला इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. त्यामुळे आजही काही घरांत "त्यात काय असतं कोण जाणे" म्हणून नाक मुरडतात. आता आपल्याकडे मिळणारं इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्ट वापरून तयार करतात, माणसाच्या इन्सुलिनसारखंच. 2003 मध्ये वोक्हार्ट कंपनीने आपल्या शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, असं इन्सुलिन बनवून बाजारात आणलं. म्हणजे औषध देऊळगाव राजाच्या पलीकडे जालना ओलांडलं की तयार होऊ शकतं. अडतं ते घरात.

आधी ओळखायचं कसं ते ऐका. लेकरू सारखं पाणी मागतं, सारखं लघवीला जातं. अंथरूण ओलं करायचं बंद झालेलं असतं, ते पुन्हा सुरू होतं. लघवीला मुंग्या लागतात. खाऊनही वाळत जातं. असं दिसलं की त्याच दिवशी बोटाच्या रक्ताच्या थेंबावर शुगर तपासून घ्या, आशाताईला विचारा, आरोग्य केंद्रात जा. आणि लेकरू उलट्या करतंय, पोट दुखतंय, खोल-खोल श्वास घेतंय, गुंगीत आहे, तर बाहेरची बाधा काढत बसू नका. गाडी करा आणि मोठं रुग्णालय गाठा. तिथे तासांचा हिशेब असतो.

आता माठाकडे येऊ. इन्सुलिन न उघडलेलं असेल तर 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलं की ते फेकायचंच. पण आपल्या कितीतरी घरांत फ्रिज नाही, आणि आहे तिथे लाईट नाही. मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याकडे पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यासाठी मोठं मातीचं भांडं घ्या, त्यात लहान मडकं ठेवा, दोघांच्या मधे रेती भरा आणि रेती ओली ठेवा. बाटली कोरड्या डबीत घालून लहान मडक्यात ठेवा, वरून ओलं फडकं झाका. सावलीत, हवा लागेल तिथे. रंग दिलेला किंवा तेलकट झालेला माठ चालत नाही, पाणी पाझरलं तरच गारवा येतो. कोरड्या उन्हाळ्यात हे फार छान चालतं, पावसाळी दमट हवेत कमी. फ्रिजइतकं गार होणार नाही, पण वापरात असलेल्या बाटलीला तेवढं पुरतं. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत लोकांच्या झोपड्यांतलं तापमान मोजून शास्त्रज्ञांनी तपासलं होतं. 25 ते 37 अंशांत वर-खाली होत राहिलं तरी उघडलेलं इन्सुलिन चार आठवडे टिकलं, हे त्यांनी 2021 मध्ये छापलं. बाटली उघडली ती तारीख तिच्यावर लिहा, महिनाभरात संपवा. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळ असणाऱ्यात गुठळ्या दिसल्या, तर वापरू नका. दुधाळ बाटली तळहातांत हळू फिरवायची, ताकासारखी घुसळायची नाही.

सुईचं फार जपा. सरकारी दवाखान्यात आणि साध्या दुकानात बाटली बहुतेक 40 युनिटची असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटच्या बाटलीची सिरिंज केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट कमी किंवा अडीचपट जास्त जातो. जास्त गेला तर जीव जाऊ शकतो. दुकानदार म्हणेल, "सगळ्या सारख्याच". नाहीत. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच पाहिजे.

साखर उतरली की लेकरू थरथरतं, घाम सुटतो, चिडतं, असंबद्ध बोलतं. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. "शुगर आहे ना, साखर कशी देऊ?" असं म्हणून थांबलेल्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या वेळी साखर हेच औषध. बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, तसंच दवाखान्यात न्या.

आणि एक गोष्ट, जी बैठकीत मोठ्याने कोणी बोलत नाही. पोरगी असली की सुई लपवतात. "सोयरिक कशी जमेल?" म्हणून शाळेत सांगत नाहीत, मामाच्या गावी गेली की डोस चुकवतात. मग कोणी भेटतो, "ही पुडी घ्या, सुई सुटेल" म्हणतो. टाईप वनची सुई सुटत नाही. बंद केली तर काही दिवसांत, कधी दीड-दोन दिवसांतच, पोरगी अत्यवस्थ होते. उलट सुई वेळेवर मिळाली तर ती शिकते, नोकरी करते, शेती करते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लेकरंही होतात. आमच्या मते लपवण्यापेक्षा बाईंना आणि दोन मैत्रिणींना सांगून ठेवणं जास्त सुरक्षित आहे, कारण वर्गात साखर उतरली तर त्याच धावणार आहेत.

श्रावण जवळ आला, म्हणून शेवटचं. सुई घेणाऱ्या लेकराला उपास नको, एकादशीही नको. शेगावला पायी जायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, चालण्याने साखर लवकर उतरते. खिशात साखर, दप्तरात नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून, कोरड्या डबीत. थर्मासमध्ये बर्फ घातलात तर तो बाटलीला लागू देऊ नका. आणि लाल टोपणाच्या चार सिरिंजा जास्तीच्या ठेवा, वाटेतल्या दुकानात त्याच मिळतील असं धरू नका.