जळत्या शेतांवरचे शहर

(‘आपत्ती आणि समाज’ या विषयावरील भाषणाचा संपादित मजकूर)



इटलीतील नेपल्स शहराच्या पश्चिमेस पोझ्झुओली नावाचे एक प्राचीन बंदर आहे. त्या परिसराला ‘कांपी फ्लेग्रेई’, म्हणजे जळती शेते, असे म्हणतात. नाव काव्यात्म वाटते; पण ते वस्तुस्थितीचे साधे वर्णन आहे. येथे वेसुव्हियससारखा शंकूच्या आकाराचा एकच डोंगर दिसत नाही. सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकात भूमीच आत कोसळली आणि बारा ते पंधरा किलोमीटर रुंदीचे एक कुंड तयार झाले. त्याचा काही भाग समुद्राखाली आहे. उरलेल्या भागावर घरे, शाळा, रेल्वे आणि रुग्णालये उभी आहेत. शासनाने अतिधोक्याचा म्हणून आखलेल्या पट्ट्यात सुमारे पाच लाख माणसे राहतात.

या भूमीचे वैशिष्ट्य असे की ती श्वास घेतल्याप्रमाणे वर येते आणि खाली जाते. पोझ्झुओलीच्या बाजारपेठेत रोमन काळातील संगमरवराचे तीन स्तंभ आजही उभे आहेत. त्यांच्या मध्यभागी, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी पाडलेल्या छिद्रांचा पट्टा आहे. समुद्रातील जीव इतक्या उंचीवर पोहोचला कसा? उत्तर एकच. हे स्तंभ उभ्याउभ्याच समुद्रात बुडाले आणि पुढे उभ्याउभ्याच बाहेर आले. चार्ल्स लायेल या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने १८३० साली आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठालगत याच स्तंभांचे चित्र छापले. भूमी अचल नाही, हे सांगण्यासाठी याहून बोलका पुरावा त्याला सापडला नसावा.

भूमी वर उचलली जाऊ लागली की धक्के सुरू होतात. एकटादुकटा नव्हे, तर तासातासाला, कधी मिनिटामिनिटाला. त्यांनाच भूकंपमालिका म्हणतात. १५३८ साली अशीच मालिका वाढत गेली, किनाऱ्यालगतचा समुद्रतळ उघडा पडला आणि २९ सप्टेंबरला जमीन फाटून उद्रेक झाला. आठवडाभरात तेथे एक नवा डोंगर उभा राहिला. त्रिपेरगोले नावाचे गाव त्याखाली गाडले गेले. उद्रेक थंडावला असे समजून काही माणसे तो नवा डोंगर पाहण्यासाठी वर चढली. शेवटच्या स्फोटात तीही गेली.

तेव्हापासून तेथे उद्रेक झालेला नाही. परंतु धक्के आले, आणि या विषयातील खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

१९६९ ते १९७२ या काळात भूमी दीड मीटरहून अधिक वर आली. २ मार्च १९७० रोजी सैनिक आणि पोलीस ‘रिओने तेर्रा’ या जुन्या वस्तीत शिरले. सागरकड्यावरील ही वस्ती म्हणजे शहराचे मूळ स्थान. सुमारे तीन हजार रहिवाशांना घाईघाईने बाहेर काढण्यात आले. बहुतेक कोळी आणि गरीब कुटुंबे. काही दिवसांत परत येता येईल अशी त्यांची समजूत होती. उद्रेक झाला नाही. पण त्यांची घरेही त्यांना परत मिळाली नाहीत. समुद्राला लागून असलेली ती जागा कोणाच्या तरी डोळ्यांत भरली आणि भूकंप हे निमित्त झाले, असा संशय पोझ्झुओलीच्या मनात घर करून राहिला. तो खरा की खोटा, हा प्रश्न वेगळा. पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती एका दिवसात उठवायची आणि पुढे काय होणार हे स्पष्ट सांगायचे नाही, असा व्यवहार घडला की संशयाला खतपाणी लागत नाही.

येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवण्याजोगी. या वस्तीतील मुख्य चर्च एका रोमन मंदिराच्या अंगावर उभे आहे. १९६४ च्या आगीत चर्चची नंतरची बांधणी जळाली आणि भिंतींत दडलेले मंदिराचे स्तंभ उघडे पडले. आज जीर्णोद्धार झालेल्या त्या वास्तूत दोन्ही दिसतात. प्रवासी तिकीट काढून वस्ती पाहून जातात. ज्या कुटुंबांची ती वस्ती होती, ती मात्र शहराबाहेरच्या नव्या इमारतींत वाढली.

१९८२ ते १९८४ मध्ये हेच पुन्हा घडले, आणि अधिक मोठ्या प्रमाणावर. भूमी आणखी सुमारे १.८ मीटर उचलली गेली. बंदराचा धक्का इतका वर आला की होड्या लावणे अवघड झाले. दोन वर्षांत हजारो धक्के नोंदले गेले. सुमारे चाळीस हजार लोकांना शहर सोडावे लागले. त्यांच्यासाठी मोंतेरुशेल्लो नावाची नवी नगरीच उभारण्यात आली. १९८४ च्या अखेरीस भूमी थांबली आणि खाली बसू लागली. उद्रेक या वेळीही झाला नाही.

मग ती स्थलांतरे चुकीची होती काय? असा निष्कर्ष सोपा आहे, म्हणूनच धोकादायक आहे. जुन्या दगडी इमारती रोजच्या धक्क्यांनी खिळखिळ्या झाल्या होत्या. तेथे माणसे ठेवणे हाच गुन्हा ठरला असता. कोलंबियातील नेव्हाडो देल रुईझ हा ज्वालामुखीही वर्षभर हादरत आणि धुमसत होता. धोक्याचा नकाशा तयार झाला होता. तरीही १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री आर्मेरो गाव रिकामे झाले नव्हते, आणि चिखलाच्या लोंढ्यात वीस हजारांहून अधिक माणसे गाडली गेली. धक्क्यांची मालिका स्वतःचा अर्थ स्वतः सांगत नाही. ती विरून जाऊ शकते, अथवा कडेलोटाची नांदी ठरू शकते. आजचे विज्ञान उपग्रहांनी भूमीची मिलिमीटरभर हालचाल टिपते, वाफांतील वायू मोजते. पण तारीख सांगत नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील भूकंपविषयक अध्याय या संदर्भात आठवतो. जलचर, दिग्गज, वारे अशी कारणे सांगणारी पूर्वाचार्यांची मते त्याने एकापुढे एक मांडली आहेत. कारणे आज टिकणारी नाहीत. मतभेद न लपवता समाजापुढे ठेवण्याची रीत मात्र टिकणारी आहे.

पोझ्झुओलीची भूमी २००५ पासून पुन्हा वर येत आहे. २० मे २०२४ रोजी ४.४, तर १३ मार्च आणि ३० जून २०२५ रोजी ४.६ तीव्रतेचे धक्के बसले. मोठ्या भूकंपाच्या मानाने हे आकडे किरकोळ भासतील. परंतु केंद्र अवघे दोन-तीन किलोमीटर खोल असल्याने छोटा धक्काही पायाखाली स्फोट झाल्यासारखा जाणवतो. १३ मार्चच्या मध्यरात्री बान्योली भागातील लोक लेकरांना घेऊन मोकळी जागा शोधू लागले, आणि बंद असलेल्या जुन्या लष्करी तळाचे फाटक त्यांनी रेटून उघडले. पाच लाखांच्या वस्तीत रात्री उभे राहण्यासाठी मैदान कोणते, हे ठाऊक नसावे! आराखडा तर कागदावर सविस्तर आहे. इशारा मिळाल्यापासून बहात्तर तासांत सर्वांना हलवायचे. प्रत्येक गावाची इटलीतील एका दूरच्या प्रांताशी जोडी लावून दिली आहे. पोझ्झुओलीकरांनी लोंबार्दीत जायचे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सरावही झाला. पण त्यात उतरलेल्या नागरिकांची संख्या मोजकीच होती. १९७० मध्ये ज्यांचे घर गेले, त्यांच्या नातवंडांना बसमध्ये बसवणे हे अभियांत्रिकीचे काम नव्हे.

याच्या उलट चित्र जपानमधील मात्सुशिरोचे. ऑगस्ट १९६५ मध्ये या छोट्या गावाला धक्के बसू लागले. मीनाकामी हा प्राचीन, निद्रिस्त ज्वालामुखी डोंगर मालिकेच्या मध्यभागी होता; तो जागा होतो आहे काय, ही धास्ती साहजिक होती. १९६६ च्या एप्रिलमध्ये एका दिवसात पाचशेहून अधिक धक्के लोकांना जाणवले. पुढील काही वर्षांत यंत्रांनी सुमारे सात लाख धक्के नोंदले. गावच्या प्रमुखाने तेव्हा केलेली मागणी प्रसिद्ध आहे: वस्तू नको, पैसा नको, हवे आहे ते ज्ञान. शास्त्रज्ञ आले, नोंदी नियमित जाहीर होत गेल्या. सप्टेंबर १९६६ मध्ये डोंगरउतार घसरून घरे गेली, पण इशारा ऐकून माणसे आधीच बाहेर पडली होती. जीवितहानी झाली नाही. डोंगर फुटला नाही. जमिनीतून प्रचंड पाणी मात्र बाहेर आले, आणि धक्क्यांमागे या खोल पाण्याचा दाब असावा, असा निष्कर्ष पुढे निघाला.

महाराष्ट्रातील पाषाणही ज्वालामुखीचाच आहे. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात धक्के सुरू झाले, तेव्हा ज्वालामुखी फुटणार काय, असे पाड्यापाड्यांवर विचारले जात होते. याचे उत्तर निःसंदिग्ध आहे: नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. पण एवढ्यावर थांबणे अर्धसत्य होईल. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्टपासून धक्के जाणवत होते. लोक घाबरले, नंतर सरावले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असताना, माळवदाची आणि जाड दगडी भिंतींची घरे हजारोंच्या अंगावर कोसळली. त्यानंतर मदतीला धावलेल्या स्वयंसेवकांनी मातीच्या ढिगाऱ्यातून प्रेते काढली, चिता रचल्या. त्या सेवेचे मोल कोणीही कमी लेखणार नाही. त्याआधीच्या वर्षभरात, धक्के बसत असताना, त्या गावांत कोण गेले होते, हा प्रश्न मात्र सेवा करणाऱ्या प्रत्येक संघटनेने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

१ फेब्रुवारी २०१९ रोजी पालघरमध्ये घराबाहेर पळताना एका चिमुरडीचा मृत्यू झाला. थंडीच्या रात्री कुटुंबे तंबूंत काढीत होती. तेथील वनवासी पाड्यांवर पाहण्याच्या गोष्टी फार थोड्या आहेत: कोणत्या घराची भिंत कलली आहे, कोणाच्या डोक्यावर जड पत्रे अथवा दगड आहेत, अंथरुणाला खिळलेले वृद्ध कोठे आहेत, लहान मुलाला कोणी उचलायचे, रात्री जमायचे मैदान कोणते. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेची यंत्रे काय नोंदतात, ते पाड्याच्या बोलीत सांगणारा एक माणूस प्रत्येक गावात हवा. धक्के कमी झाले असताना ही यादी करणे सोपे असते, कारण तेव्हा लोक दारात बसून बोलायला तयार असतात.