वेगळं ताट

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर बोलायला मंडळ दरवर्षी डॉक्टरांना बोलावतं. यंदा डॉक्टर मिळाले नाहीत म्हणून माझी पाळी आली, असं अध्यक्षांनी मला खासगीत सांगितलं होतं. ते मी आता फोडलं. मी डॉक्टर नाही. डी. फार्म. डिप्लोमा करून सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून औषधं देणारा माणूस. पण आजचा विषय टीबी, आणि त्यात माझी एक जादा पात्रता आहे. तो मला झाला होता.

हे चारचौघांत पहिल्यांदाच सांगतोय. आई दुसऱ्या रांगेत बसलीय, तिला विचारून सांगतोय.

साधारण वीस वर्षांपूर्वी मी एका औषधाच्या दुकानात कामाला होतो. श्रावणात खोकला सुरू झाला आणि बेडक्यात जंतू सापडले ते चवथीच्या आठ दिवस आधी. आमच्या घरी माटोळी बांधायचं काम माझं. त्या वर्षी ते चुलत भावाने केलं. मला पडवीत जागा मिळाली आणि एक वेगळं ताट, एक पेला. धाकटी बहीण दहावीला होती, तिच्या काळजीने आईने ते केलं. तेव्हा घरोघर तेच चालायचं, आजही चालतं.

आता ऐका. टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो. आणि रोगी घरात राहिला तर घरच्यांचं काय होतं, हे आपल्याच देशात मोजून पाहिलेलं आहे. पूर्वी टीबी म्हटला की सॅनेटोरियम. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं नाव जुन्या मंडळींनी ऐकलं असेल. स्वच्छ हवा, खाट, दूध-अंडी, महिनोन्‌महिने. पण देशात रोगी लाखोंनी आणि खाटा काही हजार. म्हणून १९५६ साली मद्रासमध्ये अभ्यास सुरू झाला. गरीब वस्त्यांतले १९३ रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. औषधं दोघांना तीच, एक वर्ष. घरचे रोगी दाटीवाटीत राहत होते आणि सॅनेटोरियमवाल्यांपेक्षा कमी खात होते. ते खरंच गोळ्या घेतात का, हे पाहायला माणसं न सांगता घरी जात, गोळ्या मोजत, लघवी तपासत.

वर्षअखेर सॅनेटोरियममधले ९२ टक्के आणि घरचे ८६ टक्के रोगी सुधारले होते. फरक थोडाच. घरच्या माणसांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं. रोगी घरी राहिला म्हणून त्यांच्यात टीबी वाढला नाही. घरच्यांना खरा धोका असतो तो निदान होण्याआधी, औषध सुरू नसताना. म्हणजे आईने ताट वेगळं केलं तेव्हा, माझ्या गोळ्या सुरू झाल्यावर, धोका उतरणीला लागला होता. श्रावणभर मी बहिणीशेजारी बसून खोकत होतो, त्याची कुणालाच काळजी नव्हती.

माझा गाढवपणा पुढचा आहे. तेव्हा आठवड्यातून तीनदा कार्यकर्त्यासमोर गोळ्या घ्यायच्या असत. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं, आणि मी शिकलेला माणूस, मी गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी खोकला परत. मग आठ महिन्यांचा नवा कोर्स आणि त्यात स्ट्रेप्टोमायसिनची २४ इंजेक्शनं. ती पद्धत आता बंद झालीय, पण कमरेला आठवण आहे.

त्या स्ट्रेप्टोमायसिनची कथा मी नंतर वाचली. १९४८ साली ब्रिटनमध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. चमत्कारच वाटला असेल. पाच वर्षांनी मोजलं तेव्हा पहिल्या गटातले ३२ गेले होते, दुसऱ्यातले ३५. एकट्या औषधाला जंतू सरावले होते. म्हणून आज दोन महिने चार औषधं आणि पुढे चार महिने तीन, रोज. बरं वाटलं तरी. खिडकीवर मी ‘सहा महिने’ म्हणतो ते सरकारचा नियम म्हणून नव्हे. त्यामागे अशी माणसं आहेत.

पण आपला गोळीवर विश्वास बसत नाही. कॅज्युअल्टीत हात मुरगळून आलेला माणूसही आधी सुई मागतो. २०१७ साली न्यूयॉर्कमधल्या दोन इमर्जन्सी विभागांतला एक अभ्यास छापून आला. हातापायाच्या तीव्र दुखण्याचे ४१६ रोगी. काहींना आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉलच्या साध्या गोळ्या, बाकीच्यांना अफूच्या जातीच्या औषधाच्या गोळ्या. दोन तासांनी दुखण्यात दखल घ्यावी असा फरक नव्हता. प्रत्येक दुखणं असं नसतं, डॉक्टरांना ठरवू द्या. पण साधी गोळी दिली म्हणजे वाटेला लावलं, असं समजू नका.

आणि परत ताट. २०१९ ते २०२२ मध्ये झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० टीबी रोग्यांना दरमहा शिधा दिला. निम्म्या भागात त्यांच्या घरच्यांनाही तांदूळ-डाळ दिली. त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. वेगळं ताट नव्हे, भरलेली ताटं. आता उपचार चालू असेपर्यंत सरकार रोग्याच्या बँक खात्यात आहारासाठी महिन्याला १,००० रुपये देतं. खातं आधारला जोडलेलं नसेल तर अडकतं. तसं झालं तर माझ्याकडे या.

ते माझं ताट अजून घरी आहे. परवा आईने नेवऱ्या तळून त्यातच काढल्या. मी विचारलं, हे तेच ना? म्हणाली, जड आहे, चांगलं आहे, टाकायचं कशाला?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेलं कुणी घरात असेल तर बेडक्याची तपासणी फुकट आहे. आरती झाली की मी मागच्या दाराशी उभा असेन. सगळ्यांसमोर विचारायची गरज नाही.