शिवाजी : एका नावाची बंगळूरची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या श्रावणात मंडळातील एका घरी बारशाचा बेत ठरला आणि नावावरून घरात दोन तट पडले. आजोबांच्या मनात ‘शिवाजी’ होते. मुलाच्या आईचे म्हणणे असे की, महाराजांचे नाव घेऊन पोराला रागवावे तरी कसे? वडिलांना काळजी निराळीच होती, शाळेत मुले या नावाचे काय करतील याची. प्रकरण आमच्यापर्यंत सल्ल्यासाठी आले. सल्ला देण्याइतके आम्ही शहाणे नाही. परंतु त्या निमित्ताने या नावाची वंशावळ चाळली, तीच आज आपणांपुढे ठेवतो.

परंपरा सांगते की शिवनेरीवरील शिवाई देवीवरून हे नाव ठेवले गेले. अखेरच्या ‘जी’ कडे मात्र लक्ष द्यावे. बाबाजी, मालोजी, विठोजी, संभाजी या भोसले घराण्यातील नावांत तो मान नावातच गोवलेला आहे. त्याच घराण्यात एक नाव वेगळ्या वाटेने आले. मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि दोन मुलगे झाले, म्हणून एकाचे नाव शहाजी आणि दुसऱ्याचे शरीफजी ठेवले, अशी कथा आहे. हिंदू सरदाराने पिराचे नाव मुलांना द्यावे, यात त्या काळी कोणाला विशेष वाटले नसावे. ‘शरीफजी’चे पुढे ‘सर्फोजी’ झाले आणि ते तंजावरच्या गादीवर जाऊन बसले. सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट करणारे दुसरे सर्फोजी त्याच नावाचे. त्यांचे पुत्र, तंजावरचे शेवटचे राजे, यांचे नाव पुन्हा शिवाजीच. ते १८५५ साली वारले.

आता आपल्या गावाकडे वळू. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेबरोबर शहाजीराजे येथे आले, केंपेगौडांकडून बंगळूर घेतले गेले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६४० च्या सुमारास जिजाबाई आणि बालशिवाजी येथे आले आणि दोनेक वर्षे राहून पुण्यास परतले. म्हणजे ‘शिवाजी’ ही हाक या गावाच्या रस्त्यांवर मराठीतून, आईच्या तोंडून ऐकू आली होती. आमच्या मते आजच्या विषयात याहून मोलाची गोष्ट नाही. जहागीर पुढे व्यंकोजींकडे गेली. मल्लेश्वरममधील काडू मल्लेश्वराच्या देवळातील १६६९ च्या शिलालेखात त्यांच्या दानाची नोंद आहे. १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांवर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना दिले. गाव गेले, नावे राहिली. मात्र राहिलेल्या नावांत ‘व्यंकोजी’ नाही. बंगळूरशी ज्यांचे नाते सर्वांत दीर्घ, त्यांचेच नाव आम्हांला येथील एकाही मराठी घरात सापडलेले नाही!

‘शिवाजी’ला लोकांच्या घरात आणले एकोणिसाव्या शतकाने. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी महाराजांवर पोवाडा रचला. १८९६ साली टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला. राजघराण्यातील नाव शेतकऱ्याच्या पाळण्यात येऊ लागले. १९२७ साली त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाला, कारण तेव्हा जन्मवर्ष १६२७ मानीत (आता शासनमान्य तारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे). वक्ते शिवाजीराव भोसले १९२७ चे, माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर १९३१ चे, कादंबरीकार शिवाजी सावंत १९४० चे, नट शिवाजी साटम १९५० चे. एवढ्यावरून लाटेचा काळ ध्यानात यावा. ‘जी’ असताना पुन्हा ‘राव’ जोडण्याची हौसही त्याच काळातली. मान दुप्पट झाला. आईने हाक मारायची तर मात्र ‘शिवा’च राहिला.

याच १९५० साली, १२ डिसेंबरला, बंगळूरमधील एका मराठी कुटुंबात मुलगा जन्मला आणि महाराजांवरून त्याचे नाव शिवाजी ठेवण्यात आले. शिवाजीराव गायकवाड. तो येथल्या बसमध्ये कंडक्टर झाला आणि तेथून मद्रासच्या चित्रपटसृष्टीत गेला. तेथे मात्र ‘शिवाजी’ची जागा भरलेली होती. व्ही. सी. गणेशन् या तमिळ नटाने अण्णादुराईंच्या नाटकात छत्रपतींची भूमिका इतकी रंगवली की पेरियार यांनी त्याला ‘शिवाजी’ ही उपाधी दिली, आणि तो जन्मभर शिवाजी गणेशन् राहिला. म्हणून १९७५ साली दिग्दर्शक के. बालचंदर यांनी आमच्या बंगळूरच्या शिवाजीला ‘रजनीकांत’ केले. उपाधी लाभलेला तमिळ माणूस शिवाजी राहिला आणि मराठी घरात जन्मलेल्याने ते नाव सोडले! २००७ साली ‘शिवाजी’ नावाचाच तमिळ चित्रपट आला. त्यात नायकाचे नाव शिवाजी आणि नायक रजनीकांत. नाव बत्तीस वर्षांनी घरी परतले, पण पडद्यावर, आणि तमिळमधून.

येथील बसवर ‘शिवाजीनगर’ हे नाव रोज वाचणाऱ्यांपैकी किती जणांना जहागिरीची आठवण होते, कोण जाणे. त्या भागाला पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणत.

आणि आज? आमच्या सभासदांच्या नातवंडांत शिवांश आहेत, शिवराज आहेत, एक-दोन शंभूही आहेत. नुसता शिवाजी दुर्मिळ झाला आहे. कारण अनास्था नव्हे, उलट अतिआदर आहे. जे नाव दैवत झाले, ते घरात आणायला आपण बिचकतो. जिजाबाईंनी मात्र त्या नावाच्या पोराला ‘शिवबा’ म्हटले, आणि या गावात त्याच्यावर रागावल्याही असतील.

आम्ही हेच त्या घरी सांगितले. बारसे झाले. जन्मदाखल्यावर ‘शिवराज’ लिहिले आहे. आत्याने कानात मात्र आजोबांनी सांगितलेले नाव उच्चारले. परवा आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पोराने चहाच्या पेल्याला हात घातला होता आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, “शिवबा, सोड ते!”