संगणकाचे कोठार बदलताना

घरातला संगणक आठ-दहा वर्षांचा झाला की त्याच्याविषयी घरची माणसे थकलेल्या बैलाविषयी बोलावे तसे बोलू लागतात. कळ दाबावी, चहाचे आधण ठेवावे, चहा पिऊन व्हावा आणि तरीही पडद्यावरचे चक्र फिरतच असावे, हा अनुभव पुण्या-नागपुरातल्या घरांना जितका परिचित, तितकाच इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी घरांनाही. मग मुलगा म्हणतो, नवाच घेऊ. वडील म्हणतात, चालतो आहे तोवर चालू दे. या वादात बहुधा दोघांच्याही ध्यानात येत नाही ते हे की, थकलेला असतो तो सबंध संगणक नव्हे, त्याचा एकच अवयव. संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, अशा वेळी बव्हंशी रिकामा बसलेला असतो. कोठारातून माल येण्याची तो वाट पाहत असतो, आणि हे कोठार म्हणजे हार्ड डिस्क होय.

या कोठाराचा इतिहास १९५६ सालापासून सुरू होतो. त्या वर्षी आयबीएम या अमेरिकन कंपनीने जे पहिले यंत्र बाजारात आणले, त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचून फिरत्या ठेवल्या होत्या, आणि एवढ्या अवाढव्य रचनेत ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्र त्यात जेमतेम बसले असते. पुढे तबकड्या आकाराने लहान झाल्या आणि त्यांवरील मजकूर अधिकाधिक दाट झाला. तत्त्व मात्र तेच राहिले. तबकडी फिरते, तिच्यावर एक बारीक दांडी पुढेमागे सरकते आणि हवी ती नोंद आपल्या टोकाखाली येईपर्यंत थांबते. घरगुती संगणकातील तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्यास सुमारे आठ सहस्रांश सेकंद लागतात आणि सरासरी त्याच्या निम्मा वेळ नोंदीची वाट पाहण्यात जातो. दांडी सरकण्यास आणखी आठ-नऊ सहस्रांश लागतात. एकूण हिशेब केला तर अशी तबकडी सेकंदाला जेमतेम ऐंशी निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी आणू शकते. सलग चित्रपट दाखवायचा असेल तर हे पुरते, कारण तेथे दांडीला इकडेतिकडे धावावे लागत नाही. परंतु संगणक सुरू होताना हजारो लहानलहान तुकडे कोठाराच्या कानाकोपऱ्यातून गोळा करावे लागतात, आणि चहा पिऊन होतो तो त्यामुळे.

सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, म्हणजे ज्याला बाजारात सर्वजण एसएसडी म्हणतात, त्यात फिरणारे काहीच नाही. तबकडी नाही, दांडी नाही, आवाज नाही. एक नोंद शोधण्यास तेथे एका सहस्रांशाचा सुमारे दहावा भाग लागतो, आणि अनेक नोंदी एकाच वेळी काढता येतात. ज्या स्मृतीवर हे सारे चालते ती फ्लॅश स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका या अभियंत्याने शोधून काढली आणि १९८४ साली जगापुढे मांडली. आजच्या एसएसडीत वापरला जाणारा नॅन्ड हा तिचा प्रकार १९८७ सालचा. साठवलेला मजकूर पुष्कळसा एका दमात पुसला जातो हे पाहून त्याच्या एका सहकाऱ्याला छायाचित्रकाराच्या फ्लॅशच्या दिव्याची आठवण झाली, आणि नाव पडले ते असे. १९९१ साली सनडिस्क या कंपनीने, तिचे नाव तेव्हा एका अक्षराच्या फरकाने लिहिले जात असे, २० मेगाबाइटचा एसएसडी सुमारे १,००० डॉलरना विकला. या कंपनीच्या तीन संस्थापकांत कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा हे एक. मेगाबाइटला ५० डॉलर हा तो भाव ऐकला म्हणजे, ही वस्तू घरगुती संगणकापर्यंत पोहोचण्यास वीस-पंचवीस वर्षे का लागली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता खरेदीचा प्रश्न. दिल्लीचे नेहरू प्लेस असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की चेन्नईची रिची स्ट्रीट, दुकानात जाण्यापूर्वी घरच्या यंत्रात काय बसते हे पाहून घ्यावे. नव्वद टक्के चुका येथेच होतात, असे दुकानदार गमतीने सांगतात आणि ते खोटे वाटत नाही. एसएसडी मुख्यतः दोन रूपांत मिळतो. एक रूप अडीच इंची चपट्या डबीचे. सात मिलिमीटर जाडीची ही डबी जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कच्या जागी सरळ बसते आणि साटा नावाच्या जोडणीवर चालते. दुसरे रूप एम-डॉट-टू नावाच्या पट्टीचे; २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब. ही पट्टी दिसायला एकसारखी असली तरी तिच्यात दोन जाती आहेत. काही पट्ट्या आतून साटाच असतात, तर काही एनव्हीएमई या २०११ साली ठरलेल्या नव्या पद्धतीने बोलतात. खाचेत पट्टी बसली म्हणून ती चालेलच असे नाही. कित्येक खाचा एकच जात ओळखतात. शिवाय २०१४ सालाच्या सुमारापूर्वीच्या बहुतेक यंत्रांना एनव्हीएमई पट्टीवरून स्वतःला सुरूच करता येत नाही. यंत्राच्या किंवा मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेले असते; पुस्तिका हरवली असेल तर नमुन्याचे नाव टिपून निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. पट्टी अडकवण्याचा चिमुकला स्क्रू मदरबोर्डच्या खोक्यात येतो आणि खोक्याबरोबरच रद्दीत जातो. त्याची आठवण ऐन वेळी होते.

वेगाच्या आकड्यांचा मोह हा यापुढचा. साटा जोडणीचा एसएसडी सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास थांबतो. एनव्हीएमई पट्ट्यांच्या डब्यांवर ३,५००, ७,००० आणि त्याहूनही मोठे आकडे छापलेले असतात, आणि ते खरेही असतात. परंतु ते सलग मजकूर नेण्याचे आकडे आहेत. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, छायाचित्रे पाहणे, मुलांचा अभ्यास, या कामांत हार्ड डिस्ककडून साध्या साटा एसएसडीकडे येताना जो फरक पडतो तो डोळ्यांना लख्ख दिसतो. ५५०वरून ७,०००वर जाताना पडणारा फरक घड्याळ लावूनही जेमतेम सापडतो. चित्रफितींचे संपादन रोज करणाऱ्याची गोष्ट निराळी. जुन्या यंत्रात साटाची आधीची, निम्म्या वेगाची पिढी असली तरीही खंत करण्याचे कारण नाही, कारण लहान तुकडे चटकन सापडणे हाच मुख्य लाभ आणि तो तेथेही मिळतो.

डबीवर ठळक छापलेले नसते, पण विचारलेच पाहिजे, ते वेगळेच असते. फ्लॅश स्मृती म्हणजे असंख्य सूक्ष्म कप्पे. प्रत्येक कप्प्यात विजेचा भार अडकवून ठेवायचा आणि त्याच्या पातळीवरून नोंद ओळखायची. प्रारंभी एका कप्प्यात एकच बिट ठेवीत, म्हणजे भांडे भरलेले की रिकामे एवढेच पाहावयाचे. जागेची टंचाई झाली की मुंबईच्या चाळीत एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे राहू लागतात, तसेच येथे झाले. २०१३ सालापासून तर कप्प्यांचे मजल्यावर मजलेही चढू लागले आणि आज ते २००च्या वर गेले आहेत. कप्प्यात तीन बिट ठेवणाऱ्या प्रकारास टीएलसी म्हणतात. त्यात भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. चार बिटांच्या क्यूएलसीत सोळा. एकाच भांड्यावर सोळा खुणा कोरल्या तर दोन खुणांमधले अंतर किती उरणार? त्यामुळे क्यूएलसी लिहिताना मंद चालतो आणि लवकर झिजतो. त्याची किंमत मात्र कमी असते. हा मंदपणा लपवण्यासाठी काही भाग तात्पुरता एकबिटी करून वापरतात. तो भाग रिकामा असेपर्यंत सारे झपाट्याने होते. लग्नाचे शंभर-दीडशे गिगाबाइटचे चित्रीकरण एकदम उतरवू लागले की मध्येच गती एकाएकी कोसळते, कधीकधी जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली. किमतीत अंतर थोडे असेल तर घराने टीएलसीच घ्यावा. अंतर मोठे असेल आणि उपयोग केवळ वाचण्याचा असेल, तर क्यूएलसीही वाईट नाही.

दुसरी विचारण्याची गोष्ट डीरॅमची. कोणती नोंद कोणत्या कप्प्यात आहे याची एक वही एसएसडीला ठेवावी लागते, कारण झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तो नोंदींच्या जागा सतत बदलत असतो. डीरॅम असेल तर ही वही हाताशी राहते. नसेल तर प्रत्येक वेळी कोठारात जाऊन पाने चाळावी लागतात. एनव्हीएमई पट्टीला संगणकाच्या मुख्य स्मृतीतील थोडी जागा वहीसाठी उसनी मिळू शकते, साटा डबीला ती मिळत नाही. म्हणून साटा घेणाऱ्याने डीरॅम असलेला नमुना शोधणे अधिक हिताचे. दुर्दैवाने नमुन्याचे नाव तेच ठेवून आतले भाग गुपचूप बदलण्याचे प्रकार काही उत्पादकांकडून झाल्याचे २०२१ साली उघडकीस आले. जुन्या परीक्षणावर पूर्ण विसंबू नये, एवढा त्यातून बोध घ्यावा.

लिहून लिहून एसएसडी झिजतो हे ऐकून पुष्कळजण उगाच धास्तावतात. ५०० गिगाबाइटच्या सामान्य टीएलसी एसएसडीवर बहुधा ३०० टेराबाइट लेखनाची हमी असते. घरी रोज २० गिगाबाइट लिहिले जातात असे सढळपणे धरले, तरी वर्षाला सव्वासात टेराबाइट होतात आणि हमीचा आकडा गाठण्यास चाळीस वर्षे लागतात. वाचण्याने झीज जवळजवळ होतच नाही. चिंता करायचीच तर ती अकस्मात मृत्यूची करावी. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरते, टकटक आवाज करते, घरच्यांना दोन दिवस देते. एसएसडी काल रात्री ठीक असतो आणि आज सकाळी संगणकाला तो दिसतही नाही. त्याच्यातून मजकूर परत मिळवणे हार्ड डिस्कपेक्षा अवघड आणि खर्चाचे असते. तीन वा पाच वर्षांच्या हमीत नवी डबी मिळते. आजीचा ध्वनिमुद्रित आवाज मिळत नाही. ऐन कामात वीज जाणे हेही वहीला घातक ठरू शकते. जेथे वीज वरचेवर जाते तेथे यूपीएसवर केलेला खर्च हा चैनीचा मानू नये.

आकाराविषयी फार बोलण्यासारखे नाही. २५० गिगाबाइट आज अपुरे पडतात, ५०० बहुतेक घरांना पुरतात. १ टेराबाइटची डबी जोडल्यावर विंडोज ९३१ गिगाबाइटच दाखवते, म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४च्या, एवढाच तो भेद. भांडावे ते निराळ्या ठिकाणी. अविश्वसनीय स्वस्तात कित्येक टेराबाइट देणाऱ्या डब्या विकल्या जातात. त्यांत प्रत्यक्ष स्मृती थोडी असते आणि संगणकाला खोटा आकडा सांगण्याची शिकवण दिलेली असते. मर्यादा ओलांडली की नव्या छायाचित्रांखाली जुनी गाडली जातात आणि नावे तेवढी दिसत राहतात. डबी काठोकाठ भरून पुन्हा ताडून पाहणारे मोफत प्रोग्राम मिळतात. बिल हातात घेऊन पहिल्याच आठवड्यात ती परीक्षा उरकावी. फ्लॅशचे भाव बेभरवशाचे आहेत. २०२३ साली ते बरेच उतरले होते, पुढे पुन्हा चढले.

जुन्या यंत्रावर हा खर्च करावा की नाही? मुख्य स्मृती चारच गिगाबाइट असेल तर तीही वाढवल्यावाचून पूर्ण लाभ मिळत नाही. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि २०१७ सालापूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारत नाही. अशा यंत्रावर लिनक्स घालून घरची नित्याची कामे उत्तम चालतात. ज्यांना ते नको, त्यांनी पैसे नव्या यंत्रासाठी राखावेत. तथापि साटा डबी कधी वाया जात नाही. यंत्र गेले तरी ती दुसऱ्यात बसते, किंवा बाहेरच्या पेटीत घालून वापरता येते.

राहता राहिली ती स्थलांतराची गोष्ट. जुनी डिस्क टकटकत असेल तर आधी छायाचित्रे आणि कागदपत्रे तेवढी दुसरीकडे काढून घ्यावीत; सबंध डिस्कची नक्कल करण्याच्या कष्टातच ती प्राण सोडण्याचा संभव असतो. डिस्क धडधाकट असेल तर साटा-यूएसबी तारेने नवी डबी जोडून नक्कल करता येते, मात्र जुन्यावरचा भरलेला भाग नव्यात मावला पाहिजे. नंतर डिफ्रॅगमेंट करण्याची जुनी सवय सोडावी. विंडोज ७पासूनच्या आवृत्त्या एसएसडीची निगा स्वतः राखतात. आणि एसएसडी कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. लेखनाची हमी संपत आलेल्या घरगुती एसएसडीने विजेवाचून ३० अंश तापमानात एक वर्ष मजकूर जपावा, एवढीच प्रमाणित मानकाची अपेक्षा आहे, आणि जळगाव-नागपूरचा उन्हाळा ३० अंशांवर थांबत नाही. कपाटासाठी ती काढलेली हार्ड डिस्कच, धडधाकट असेल तर, अधिक योग्य. तिच्यावरचे काही पुसण्याची घाई करू नये. महिनाभर नवी डबी नीट चालली, सगळ्या फायली उघडून पाहिल्या, की मग तिला पेटीत घालावे, नव्या छायाचित्रांची प्रत दर दोन-तीन महिन्यांनी तिच्यावर उतरवावी आणि पेटीवर शेवटच्या प्रतीची तारीख लिहून ठेवावी.