पाणीदार

मंडळी, मघाशी इथे एक आजी नातीचं कौतुक करत होत्या, “डोळे कसे पाणीदार आहेत बघा!” नातीनं चटकन डोळे पुसले आणि म्हणाली, “मी रडत नाहीये.” तिचं चुकलं असं मला वाटत नाही. चकाकीला आपण पाणी का म्हणतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी टिटवाळ्याची. महागणपतीच्या देवळाजवळचं तळं तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. लहानपणी काळू नदीतून मी खडे गोळा करायची. पाण्यात असेपर्यंत काळेभोर, तुकतुकीत. घरी पोहोचेपर्यंत ते वाळायचे आणि नुसते राखाडी दगड उरायचे. खडा तोच, फक्त त्याचं पाणी गेलेलं. मोत्याचं पाणी, सोन्याचं पाणी दिलेला दागिना हे शब्द पुढे कानावर आले, तेव्हा ते मला कुणी समजावून द्यावे लागले नाहीत.

फारसीतही असंच आहे. तिथे ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘आब’ म्हणजेच झळाळी. फ्रेंच आणि इंग्रजी जवाहिरेसुद्धा हिऱ्याचं तेज सांगताना पाणी हाच शब्द वापरत. ‘रू’ म्हणजे चेहरा. आपल्या ‘रूबरू’मधला तोच. आब आणि रू मिळून आबरू, आपली अब्रू. चेहऱ्यावरचं पाणी! घाबरलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं असं आपण म्हणतो, तेव्हा अस्सल मराठी शब्दांत जवळजवळ तेच चित्र काढत असतो. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. प्रतिष्ठा म्हटलं की आसन डोळ्यांपुढे येतं, अब्रू म्हटलं की माणसाचा चेहरा येतो.

आणि हा आब परकाही नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश असं आपण पाठ करतो, त्यातला ‘आप’ आणि फारसी ‘आब’ एकाच मुळाचे.

त्या यादीत आपच्या शेजारी तेज आहे. त्याचा धातू ‘तिज्’, म्हणजे धार लावणे. आधी शस्त्राची धार, मग ज्वाळेचं टोक, मग प्रकाश. फारसी ‘तेज’ धारेशीच थांबला आणि पुढे वेगवान झाला. बाजारातली तेजी त्याच्याकडून आली. त्याच धातूचा ‘तीक्ष्ण’, आणि तीक्ष्णावरून आपलं तिखट. शिवाय तितिक्षा, म्हणजे सोसण्याची ताकद, हीसुद्धा तिज्‌चीच लेक.

तेव्हा आजी, तुमच्या नातीला ‘पाणीदार’चा अर्थ सांगताना एक खडा बशीत पाण्यात ठेवून दाखवा. मग बाहेर काढून वाळू द्या. ‘तेजस्वी’चा अर्थ मात्र आत्ता जेवताना सांगता येईल. पानात ठेचा आहेच.